अवटु ग्रंथीचे आत्मप्रतिरक्षाजन्य विकार : स्वरूप, लक्षणे आणि उपचार

प्रास्ताविक

‘मला थायरॉइड आहे’ हे वाक्य आज घराघरांत ऐकू येते. वास्तविक थायरॉइड, म्हणजेच अवटु ग्रंथी, प्रत्येकाच्याच गळ्यात असते. बोलण्याच्या ओघात अवयवाचे नावच रोगाचे नाव होऊन बसले आहे. ही केवळ भाषेची गंमत म्हणून सोडून देता येत नाही. आयोडीनच्या अभावी होणारा गलगंड, ग्रंथीतील गाठ, संप्रेरकाची न्यूनता आणि त्याचे आधिक्य या परस्परांहून भिन्न अवस्था या एकाच शब्दाखाली झाकल्या जातात. रोगाचे मूळ कोठे आहे हा प्रश्नच मग विचारला जात नाही. त्याचा परिणाम उपचारांवर होतो. रक्ततपासणीचा अहवाल प्राकृत आला म्हणजे रोग बरा झाला असे समजून गोळी बंद करणारे रुग्ण सुशिक्षित वर्गातही पुष्कळ आढळतात. काही महिन्यांनी तोच थकवा, तीच सूज घेऊन ते पुन्हा वैद्यकाकडे येतात.

भारतातील आठ शहरांत करण्यात आलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली. या शहरांत मुंबईचा व गोव्याचाही समावेश होता. अवटु संप्रेरकाची न्यूनता १०.९५ टक्के व्यक्तींमध्ये आढळली. त्यांतील जवळपास एक तृतीयांश व्यक्तींना आपल्याला असा विकार असल्याची कल्पनाही नव्हती. याच पाहणीत २१.८५ टक्के व्यक्तींच्या रक्तात अवटु ग्रंथीविरुद्धचे प्रतिपिंड सापडले. हा दुसरा आकडा अधिक विचार करावयास लावणारा आहे. पाचांपैकी एकाहून अधिक प्रौढांच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीला परकी मानू लागली आहे, असा त्याचा अर्थ होतो. त्या सर्वांना रोग झाला आहे, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही. या दोन विधानांतील अंतर नीट समजले, तर या विकारासंबंधीचा बराचसा गोंधळ दूर होऊ शकतो.

ग्रंथी आणि तिचे नियंत्रण

अवटु ग्रंथी मानेच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा असून प्रौढ व्यक्तीत तिचे वजन साधारणपणे १५ ते २० ग्रॅम भरते. रक्तातील आयोडीन शोषून घेऊन ती थायरॉक्सिन व ट्रायआयोडोथायरोनिन ही दोन संप्रेरके तयार करते. पहिल्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू व दुसऱ्याच्या रेणूत तीन असतात. म्हणून त्यांना अनुक्रमे टी-४ व टी-३ असे म्हणतात. ग्रंथीतून मुख्यतः टी-४ स्रवते. यकृत, मूत्रपिंड इत्यादी अवयवांत त्याचा एक आयोडीन अणू निघून जातो व प्रत्यक्ष कार्य करणारे टी-३ बनते. शरीर आपल्या गरजेनुसार साठ्याच्या रूपातील टी-४ पासून टी-३ तयार करून घेते, ही गोष्ट पुढे उपचारांच्या संदर्भात महत्त्वाची ठरते.

ग्रंथीने किती स्रवावे हे मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी ठरविते. ती टीएसएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडून अवटु ग्रंथीला चालना देते. घरातील पाण्याच्या टाकीत फ्लोट बसविलेला असतो. पाणी खाली गेले की तो झडप उघडतो आणि पाणी भरले की बंद करतो. पोष ग्रंथीचे काम असेच चालते. थायरॉक्सिन कमी पडले की टीएसएच वाढते, जास्त झाले की उतरते. शिवाय ही यंत्रणा अत्यंत संवेदनशील असते. थायरॉक्सिनच्या पातळीत थोडीशीच घट झाली तरी टीएसएच कित्येक पटींनी वाढू शकते. त्यामुळे थायरॉक्सिन अजून प्राकृत मर्यादेत असतानाच टीएसएच वाढलेले दिसते. विकाराचा सुगावा प्रथम या आकड्यातून लागतो तो याच कारणाने.

१९१२ ते १९५६

जपानमधील फुकुओका येथे काम करणारे तरुण शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली एका जर्मन वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. चार मध्यमवयीन स्त्रियांच्या शस्त्रक्रियेने काढलेल्या गलगंडांचा अभ्यास त्यांनी केला होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना ग्रंथीच्या ऊतकात लसीका पेशींची दाटी झालेली दिसली. या पेशी संसर्गाशी लढणाऱ्या. त्यांनी ग्रंथीत एवढी गर्दी का करावी, याचा उलगडा त्या काळी होण्यासारखा नव्हता. निबंधाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हाशिमोटो आपल्या गावी परतले व वडिलोपार्जित वैद्यकी करू लागले. १९३४ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा आपले नाव पुढे जगातील लक्षावधी रुग्णांच्या कागदपत्रांवर लिहिले जाणार आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

उलगडा होण्यास आणखी चव्वेचाळीस वर्षे लागली. शरीर स्वतःविरुद्ध प्रतिकार करणे शक्यच नाही, निसर्गाला त्याची जणू धास्तीच असते, असे मत पाउल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले होते. त्यांच्या अधिकारामुळे ते दीर्घकाळ सिद्धान्तासारखे मानले गेले. बफेलो येथे अर्न्स्ट विटेब्स्की यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नोएल रोझ यांनी सशांच्याच अवटु ग्रंथीचा अर्क सशांना टोचला, तेव्हा सशांमध्ये त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार झाले. एवढेच नव्हे, तर त्यांच्या ग्रंथींत लसीका पेशींची तशीच दाटी झाली. लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोटो विकाराच्या रुग्णांच्या रक्तद्रवात मानवी अवटु ग्रंथीतील प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड दाखवून दिले. न्यूझीलंडमध्ये ॲडम्स व पुर्व्ह्स यांना ग्रेव्हज विकाराच्या रुग्णांच्या रक्तात अवटु ग्रंथीला दीर्घकाळ उत्तेजित ठेवणारा एक घटक आढळला. तोही प्रतिपिंडच असल्याचे पुढे सिद्ध झाले. ही तिन्ही कामे १९५६ या एकाच वर्षाशी निगडित आहेत. आत्मप्रतिरक्षा ही कल्पना वैद्यकात रुजली ती मुख्यतः अवटु ग्रंथीच्या अभ्यासातून, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

विकार कसा घडतो

प्रतिरक्षा यंत्रणेचे पहिले काम ‘आपले’ आणि ‘परके’ ओळखणे हे होय. स्वतःच्या ऊतकांवर चालून जाणाऱ्या लसीका पेशी जन्मापासूनच छाटल्या जातात किंवा त्यांना आवर घातला जातो. हा आवर सुटला की हाशिमोटो विकाराची सुरुवात होते. लसीका पेशी अवटु ग्रंथीत शिरतात, तेथे ठाण मांडतात आणि संप्रेरक बनविणाऱ्या पेशींचा हळूहळू नाश करतात. कधी ग्रंथी फुगून रबरासारखी घट्ट लागते, तर कधी गळ्याला काहीही न दिसता ती आक्रसत जाते. ही प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते. बऱ्याच काळपर्यंत उरलेल्या पेशी जादा काम करून तूट भरून काढतात. त्या अपुऱ्या पडू लागल्या की प्रथम टीएसएच वाढते व नंतर थायरॉक्सिन उतरते.

रक्तात सापडणारे प्रतिपिंड मुख्यतः टीपीओ या, संप्रेरकनिर्मितीस आवश्यक असलेल्या, विकराविरुद्ध असतात. या विकारात त्यांची भूमिका आरोपीपेक्षा साक्षीदाराची अधिक आहे. प्रत्यक्ष नाश प्रामुख्याने लसीका पेशी व त्यांनी सोडलेली रसायने घडवितात. प्रतिपिंड हा आत चाललेल्या घडामोडींचा पुरावा असतो. म्हणूनच प्रतिपिंडांचा आकडा ३०० आहे की १,२०० यावरून रोगाची तीव्रता मोजता येत नाही, आणि एकदा ते आढळल्यावर दर सहा महिन्यांनी ती चाचणी पुन्हा करण्यात पैशांच्या अपव्ययापलीकडे काही साधत नाही. ग्रेव्हज विकारात मात्र स्थिती उलट आहे. तेथे प्रतिपिंडच आरोपी असतात. ते टीएसएचच्या जागी जाऊन बसतात व ग्रंथीला थांबू देत नाहीत.

हा विकार कोणास होतो? स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या कित्येक पटींनी अधिक आढळतो, आणि एकाच कुटुंबात आजी, आई, मावशी, भाची असा दिसतो. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ही न्यूनता असल्यास जवळपास निम्म्या जोड्यांत दुसऱ्यालाही ती आढळली. जनुके तीच असूनही उरलेल्या निम्म्या जोड्यांत दुसरे भावंड निरोगी राहिले, ही बाजूही तितकीच बोलकी आहे. आनुवंशिकता वाट मोकळी करून देते. त्या वाटेने पाऊल पडण्यास प्रसूती, अति आयोडीन, काही औषधे अशी निमित्ते लागतात. टाइप १ मधुमेह, कोड, बी-१२ जीवनसत्त्वाच्या अशोषणामुळे होणारा पांडुरोग, सीलिॲक विकार यांच्या संगतीनेही तो येतो. अशा रुग्णांची अवटु तपासणी, कोणतीही लक्षणे नसली तरी, अधूनमधून करणे इष्ट असते.

लक्षणे : दिसणारी आणि लपणारी

पंचेचाळिशीतील एखाद्या प्राध्यापिकेचे उदाहरण कल्पून पाहावे. सकाळी उठल्यावरच अंग जड वाटते. पंख्याखाली इतर सर्व जण सुखावतात, तेव्हा तिला मात्र शाल लागते. शौचास साफ होत नाही, त्वचा कोरडी पडली आहे, केस विंचरताना गुंतवळ वाढला आहे. तास घेताना आवाज घोगरा होतो व तो खडूच्या धुळीमुळे असावा असे वाटते. विद्यार्थ्यांची नावे पटकन आठवत नाहीत. पाळीच्या वेळी रक्तस्राव अधिक होतो. तो ‘आता वयच झाले’ या सदरात जमा केला जातो. रात्री हाताला मुंग्या येतात. तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले निघते व त्यावर गोळी सुरू होते. यांतील प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र स्पष्टीकरण उपलब्ध असते, आणि सर्वांचे एकत्रित स्पष्टीकरण शोधण्यास कोणाला सवड नसते. कुटुंबात तर या साऱ्याला आळस असेही नाव मिळते. स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या या विकाराचे निदान लांबण्यास वैद्यकीय कारणांइतकीच ही दृष्टीही कारणीभूत असते, हे नमूद करणे भाग आहे.

विकार पुढे गेल्यास चेहरा व पापण्या सुजतात, नाडी मंदावते, बोलणे व हालचाली संथ होतात. क्वचित प्रसंगी, विशेषतः वृद्धांमध्ये, उपचारांविना राहिलेली न्यूनता बेशुद्धीपर्यंत जाते व ती अवस्था प्राणघातक असते.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. थकवा, केस गळणे, वजन वाढणे या तक्रारी लोहाची कमतरता, निद्रेचा अभाव, नैराश्य, मधुमेह अशा अनेक कारणांनी होतात. न्यूनतेमुळे वाढणारे वजन बहुधा काही किलोंपुरतेच असते आणि त्यातील बराच भाग साठलेल्या पाण्याचा व क्षारांचा असतो. वीस किलोंच्या वाढीचा दोष अवटु ग्रंथीवर ढकलणे सोपे असले, तरी शास्त्राला धरून नाही.

अहवाल वाचताना

टीएसएचची प्राकृत मर्यादा बहुतेक प्रयोगशाळांत सुमारे ०.४ ते ४.५ मिलि-आंतरराष्ट्रीय एकके प्रतिलिटर अशी दिलेली असते. टीएसएच वाढलेले व मुक्त टी-४ उतरलेले असल्यास न्यूनता उघड असते व उपचार अनिवार्य ठरतात. टीएसएच वाढलेले पण टी-४ प्राकृत असल्यास त्या अवस्थेला अव्यक्त न्यूनता म्हणतात. खरा वाद असतो तो या मधल्या प्रदेशात. टीएसएच १० च्या वर असल्यास सामान्यतः उपचार सुरू केले जातात. ते ५ ते १० च्या दरम्यान असल्यास वय, लक्षणे, प्रतिपिंड, गर्भधारणेचा विचार हे सर्व पाहून निर्णय घ्यावा लागतो. बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी केलेल्या फेरतपासणीत आकडा आपोआप खाली आलेला दिसतो. वयोमानानुसारही टीएसएच किंचित वाढते. पासष्ट वर्षांवरील ७३७ व्यक्तींवर युरोपात झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अव्यक्त न्यूनतेवर थायरॉक्सिन दिल्याने थकवा किंवा इतर लक्षणे कमी झाल्याचे आढळले नाही. आकडा सुधारला, पण माणसाला बरे वाटले नाही.

केवळ प्रतिपिंड आहेत, टीएसएच मात्र प्राकृत आहे, अशांनी काय करावे? इंग्लंडमधील व्हिकहॅम येथील रहिवाशांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्याने याचे उत्तर दिले आहे. फक्त प्रतिपिंड असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे २ टक्के, तर प्रतिपिंड व वाढलेले टीएसएच हे दोन्ही असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे ४ टक्के उघड न्यूनतेकडे गेल्या. तेव्हा पहिल्या गटाला औषधाची गरज नसते; वर्षातून एकदा टीएसएच तपासणे पुरेसे होते.

येथे एक व्यवहारातील बाब सांगणे आवश्यक आहे. केस व नखे यांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील बायोटिन अनेक प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत अडथळा आणते व टीएसएच खोटेच कमी, टी-४ खोटेच जास्त दाखवू शकते. केस गळतात म्हणून बायोटिन घ्यावे आणि त्यामुळे केस गळण्याचे खरे कारण अहवालातून दिसेनासे व्हावे, असा हा विचित्र प्रकार आहे. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस, मात्रा मोठी असल्यास त्याहून अधिक काळ, अशा गोळ्या बंद ठेवाव्या लागतात.

आयोडीनचा प्रश्न

ज्या १९५६ साली आत्मप्रतिरक्षेचा शोध लागत होता, त्याच वर्षी हिमालयाच्या पायथ्याशी कांग्रा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग आरंभला. असे मीठ पुरविलेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले, तर साधे मीठ दिलेल्या भागात ते तसेच राहिले. याच आधारावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मानवी आहारासाठी आयोडीनरहित मीठ विकण्यावरील बंदी २००० साली उठविण्यात आली होती. ती २००६ साली पुन्हा लागू झाली. किरकोळ विक्रीच्या पातळीवर मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावे लागते.

आयोडीनचे प्रमाण वाढले की आत्मप्रतिरक्षाजन्य विकारही काहीसे वाढतात, हे मात्र खरे आहे. चीनमधील तीन ग्रामीण समाजांच्या पाच वर्षांच्या अभ्यासात, जो २००६ साली प्रसिद्ध झाला, आयोडीन किंचित कमी असलेल्या भागात या विकाराचे नवे रुग्ण ०.२ टक्के, पुरेशाहून अधिक असलेल्या भागात १.० टक्के आणि अतिरेकी असलेल्या भागात १.३ टक्के आढळले. या माहितीचा विपर्यास करून अनेक घरांत आयोडीनयुक्त मीठ बाद झाले आहे व सैंधव मीठ आले आहे. सैंधवात बाहेरून आयोडीन मिसळलेले नसल्यास त्यातून मिळणारे आयोडीन नगण्य असते. प्रौढाला दररोज १५० मायक्रोग्रॅम व गर्भवतीला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ते न मिळाल्यास गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. हाशिमोटोच्या रुग्णाने स्वयंपाकातील नेहमीचे मीठ सोडण्याचे कारण नाही. सोडावयाच्या आहेत त्या समुद्रशैवालाच्या व आयोडीनच्या मोठ्या मात्रेच्या पूरक गोळ्या. कोबी-फ्लॉवरविषयीचे भयही अनाठायी आहे; शिजविलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खाण्यास हरकत नसते.

उपचार : गोळी काय करते आणि काय करीत नाही

न्यूकॅसल येथील जॉर्ज मरे यांनी १८९१ साली मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षांच्या रुग्ण स्त्रीला टोचला. सुजलेली, मंदावलेली ती स्त्री काही महिन्यांत बदलून गेली आणि पुढे सुमारे २८ वर्षे जगली. या काळात ती तो अर्क घेतच राहिली. शेकडो मेंढ्यांच्या ग्रंथी त्यासाठी लागल्या. एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळात थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे केले आणि १९२७ साली ते प्रयोगशाळेत बनविण्यात यश आले. आजची लिव्होथायरॉक्सिनची गोळी ही त्याचीच वंशज होय. मरे यांच्या रुग्णाने अर्क घेणे का थांबविले नाही, हे ज्याला समजले त्याला आजच्या उपचाराचे तत्त्व समजले. अर्काने तिची ग्रंथी दुरुस्त केलेली नव्हती. ग्रंथी जे देत नव्हती ते अर्क देत होता.

हाशिमोटो विकारात लसीका पेशींचा हल्ला थांबविणारे कोणतेही मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. गोळी फक्त तूट भरते. टीएसएच प्राकृत होते ते गोळी चालू असते म्हणून; चष्मा लावल्यावर अक्षरे स्पष्ट दिसू लागली म्हणजे डोळ्यांचा दोष गेला असे कोणी म्हणत नाही. प्रसूतीनंतरचा अवटुदाह, औषधजन्य न्यूनता अशा काही तात्पुरत्या अवस्थांत गोळी पुढे बंद होऊ शकते, पण तो निर्णय तपासणीनिशी वैद्यकानेच घ्यावयाचा असतो. ‘आयुष्यभर गोळी’ या शब्दांनी अनेकांना धक्का बसतो, सवय लागेल अशी भीतीही वाटते. वास्तविक हे द्रव्य परके नाही. निरोगी ग्रंथी रोज जे स्रवते तेच, रेणूशः तेच, ते असते.

उघड न्यूनतेत पूर्ण मात्रा शरीराच्या दर किलो वजनास रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम इतकी पडते. तरुण व निकोप व्यक्तीत ती आरंभापासूनच देता येते. वृद्धांत व हृदयरोग्यांत १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सावकाश चढावे लागते, कारण दीर्घकाळ संथ चालणाऱ्या हृदयावर एकाएकी भार पडणे धोक्याचे असते. थायरॉक्सिन रक्तात हळूहळू कमी होते; निम्मे होण्यास त्याला सुमारे सात दिवस लागतात. या एका गुणधर्मातून अनेक गोष्टींचा खुलासा होतो. एखादी गोळी चुकली तरी आकाश कोसळत नाही. मात्रा बदलल्यावर नवी स्थिर पातळी येण्यास पाच-सहा आठवडे जातात, म्हणून टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच तपासावे. पंधरा दिवसांत केलेली तपासणी दिशाभूल करते. आणि महिनोन्‌महिने गोळी टाळून तपासणीआधीच्या आठवड्यात ती नेमाने घेणाऱ्यांचे बिंग अहवालच फोडतो : टी-४ प्राकृत झालेले असते, टीएसएच मात्र वरच राहिलेले असते.

गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यावी व त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नये. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत दिवस चहाने उजाडतो आणि ही अट मोडते ती बहुधा तेथेच. चहा-कॉफीने गोळीचे शोषण कमी होते; दूध, सोयाबीनचे पदार्थ यांनीही ते घटते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांचे अंतर हवे. मध्यमवयीन स्त्रियांना नेमक्या या तिन्ही गोळ्या एकाच वेळी लिहून दिलेल्या असतात व सोयीसाठी त्या एकाच घोटात घेतल्या जातात. मग मात्रा ५० वरून ७५, ७५ वरून १०० अशी वाढत जाते, आणि दोष रोगाला दिला जातो. सकाळी जमत नसल्यास रात्री, जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी घेतली तरी चालते. ती उष्णता व दमटपणा यांनी खराब होत असल्यामुळे मूळ बाटलीत, कोरड्या जागी ठेवावी. स्वयंपाकघरातील ओट्याजवळचे फडताळ त्यासाठी योग्य नव्हे. शक्य तोवर एकाच उत्पादकाची गोळी घेत राहावे आणि तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यानंतरच ती घ्यावी.

मात्रा अधिक झाल्यास होणारी हानीही कमी नाही. टीएसएच दीर्घकाळ दबलेले राहिल्यास वृद्धांत हृदयाची लय बिघडते व रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे विरळ होतात. वजन उतरविण्यासाठी गोळी वाढवून घेणे हा म्हणूनच अविचार होय. अधिवृक्क ग्रंथींची न्यूनता सोबत असल्यास प्रथम तिचा उपचार करावा लागतो, नाही तर थायरॉक्सिनने रुग्ण गंभीर होऊ शकतो. सेलेनियम, ग्लूटेनविरहित आहार इत्यादींचा सध्या बराच गाजावाजा आहे. सीलिॲक विकार नसलेल्या व्यक्तीने गहू सोडल्याने अवटु ग्रंथी सुधारते, असा पुरेसा पुरावा मिळालेला नाही.

ग्रेव्हज विकार

याच यंत्रणेचे दुसरे टोक म्हणजे डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली वर्णिलेला विकार. येथे ग्रंथी अति स्रवते. भूक चांगली असूनही वजन घटते, छाती धडधडते, हात थरथरतात, उष्मा सोसत नाही, काहींचे डोळे पुढे येतात. कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल ही औषधे साधारणतः १२ ते १८ महिने दिली जातात. त्यानंतर सुमारे निम्म्या रुग्णांत विकार उलटतो. या औषधांचा एक दुर्मिळ पण घातक परिणाम प्रत्येक रुग्णाला ठाऊक असलाच पाहिजे. ती चालू असताना ताप व घसा दुखणे सुरू झाल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करावी लागते. किरणोत्सारी आयोडीन व शस्त्रक्रिया हे अन्य मार्ग होत. मुंबईत परळ येथे १९६३ पासून कार्यरत असलेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारांची दीर्घ परंपरा आहे. या दोन्ही मार्गांनंतर बहुतेकांना न्यूनता येते व तीच थायरॉक्सिनची गोळी सुरू होते. धूम्रपानाने डोळ्यांचा विकार निश्चितपणे बळावतो.

गर्भधारणा व प्रसूतीनंतर

गर्भाची स्वतःची अवटु ग्रंथी पुरेसे काम करू लागेपर्यंत, म्हणजे गर्भावस्थेच्या मध्यापर्यंत, त्याच्या मेंदूची वाढ मातेच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. त्यामुळे गोळी घेणाऱ्या स्त्रीची गरज पहिल्या काही आठवड्यांतच २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. गर्भधारणा निश्चित होताच आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घेण्याचा सल्ला दिला जातो तो याच हिशेबाने, आणि तो आधीच वैद्यकाशी बोलून ठरविलेला असावा. पहिली भेट होईपर्यंत बहुधा दोन महिने उलटलेले असतात. गर्भासाठी ‘औषधे नकोत’ म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून हीच गोळी बंद होण्याचे प्रकार घडतात. जी गोळी गर्भासाठी सर्वाधिक आवश्यक, तीच अशा वेळी प्रथम थांबते. पूर्वार्धात दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासून ते २.५ च्या खाली राखण्याचा प्रयत्न असतो. टीएसएच प्राकृत असून केवळ प्रतिपिंड असलेल्या, पूर्वी गर्भपात झालेल्या किंवा वंध्यत्वाचा त्रास असलेल्या स्त्रियांना थायरॉक्सिन दिल्याने जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण वाढत नाही, असे ब्रिटनमधील २०१९ च्या मोठ्या चाचणीत आढळले आहे.

टीपीओ प्रतिपिंड मातेकडून वारेतून गर्भाकडे जातात, परंतु बाळाला त्यांचा सहसा उपद्रव होत नाही. ग्रेव्हज विकारातील प्रतिपिंड मात्र बाळाच्या ग्रंथीलाही चेतवू शकतात. मातेची ग्रंथी पूर्वीच काढलेली असली तरी हा धोका राहतो. म्हणून तो इतिहास प्रसूतितज्ज्ञाला सांगितलाच पाहिजे.

प्रसूतीनंतर थायरॉक्सिनची मात्रा पूर्वीइतकी करून सहा आठवड्यांनी टीएसएच तपासतात. स्तनपान करताना गोळी निर्धास्तपणे घेता येते. ज्यांना पूर्वी कोणताही त्रास नव्हता अशाही सुमारे पाच टक्के स्त्रियांना प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात अवटुदाह होतो. आरंभी काही आठवडे धडधड व चिडचिड, नंतर काही महिने थकवा व उदासी असा त्याचा क्रम असतो. बाळाचे जागरण किंवा मनाचा हळवेपणा म्हणून तो दुर्लक्षिला जातो. बहुतेक जणींत ग्रंथी वर्षभरात सावरते. ज्यांच्यात प्रतिपिंड होते, त्यांना पुढील गर्भधारणेनंतर तो पुन्हा होण्याचा संभव बराच असतो व काहींना काही वर्षांनी कायमची न्यूनता येते. अशा स्त्रियांनी बाळ मोठे झाल्यावरही वर्षातून एकदा टीएसएच तपासून घ्यावे.